श्वासनलिकादाह : तीव्र आणि जुनाट

कसाऱ्याचा घाट चढून आगगाडी इगतपुरीस विसावते आणि तेथून थोड्याच वेळात घोटी येते. हा प्रवास ज्यांनी पावसाळ्यात केला असेल त्यांस तेथील पावसाचे वर्णन सांगावयास नको. सह्याद्रीच्या माथ्याशी अडलेले ढग या टापूतून दिवसेंदिवस हालत नाहीत. खाचरे तुडुंब भरतात, भाताची आवणी चालू असते, आणि घरातील भिंती, पांघरुणे, सरपण, सारेच ओलसर होऊन बसते. अशा दिवसांत घोटीच्या बाजारपेठेतील एखाद्या दवाखान्यात घटकाभर बसावे. भंडारदऱ्याच्या बाजूने आणि वैतरणेच्या बाजूने आलेली माणसे बाकावर दाटीवाटीने बसलेली असतात, आणि त्यांतील बहुतेक खोकत असतात.

त्या बाकावर एक तरुण आणि त्याची आई अशी दोघे बसली आहेत अशी आपण कल्पना करू. तरुण पंचविशीतला आहे. आवणीच्या आठवड्यात त्याचे नाक वाहू लागले, घसा धरला, अंग मोडून आले. ताप दोन दिवसांत उतरला, पण खोकला छातीत उतरला. आज सहावा दिवस आहे. रात्री ढास लागते, सकाळी पिवळा बेडका पडतो, आणि त्या पिवळ्या रंगाने तो घाबरून गेला आहे. त्यास सुई टोचून हवी आहे, आणि तीही जोराची. आई केवळ सोबतीला आली आहे. केसपेपर तिच्या नावाचा नाही. डॉक्टर मुलाच्या पाठीला नळी लावतात तेव्हा मागे बसलेली आईही खोकते. तिचा खोकला ओला, खोल, छातीच्या तळातून आल्यासारखा असतो.

डॉक्टर वळून विचारतात, "मावशी, तुम्हाला कधीपासून?"

"माझं काय घेऊन बसलात, डॉक्टर? माझा जुनाच आहे. ह्याचं बघा आधी."

मला आज बोलावयाचे आहे ते या उत्तराविषयी.

वैद्यकात या मायलेकांच्या दुखण्यास नाव एकच आहे: श्वासनलिकादाह, किंवा सर्वांच्या तोंडी बसलेला शब्द घ्यावयाचा तर ब्राँकायटिस. मुलाचा तो तीव्र, आईचा तो जुनाट. ग्रंथांतून जुनाटास चिरकारी असेही म्हटलेले आढळते. नाव एकच असल्याने पहिला प्रकार थोडा आणि दुसरा तोच अधिक, अशी समजूत सहज होते. त्यातून मराठीत तीव्र म्हणजे जोराचा, कडक. तीव्र वेदना म्हटले की आपण दचकतो. साहजिकच ‘तीव्र श्वासनलिकादाह’ असे चिठ्ठीवर लिहिलेले वाचून घरचे लोक धास्तावतात. परंतु येथे तीव्र हा शब्द जोराचा नसून वेळेचा आहे. झपाट्याने आला आणि थोडक्या काळात संपावयाचा, एवढाच त्याचा अर्थ. ‘जुनाट’ हा शब्द तर याहून फसवा. जी गोष्ट जुनी ती ओळखीची, आणि ओळखीच्या गोष्टीचे भय वाटेनासे होते. वीस वर्षे घरात राहिलेल्या खोकल्याकडे घरचे माणूस ज्या नजरेने पाहते ती घरातल्या जुन्या पेटीकडे पाहण्याची नजर असते. या दोन शब्दांनी आमच्या दवाखान्यांतून जो उलटा व्यवहार घडतो तो असा: जे दुखणे बहुधा आपोआप बरे व्हावयाचे त्यासाठी जालीम औषधे मागितली जातात, आणि जे आपोआप कधीच बरे होत नाही त्यासाठी केसपेपरसुद्धा काढला जात नाही.

सगळे खोकले एक नव्हेत ही जाण जुनीच आहे. चरकाने कासाचे पाच प्रकार सांगितले, आणि त्यांत क्षयाने होणारा कास निराळा काढला. पाश्चात्त्य वैद्यकात ब्राँकायटिस हे नाव चार्ल्स बॅडम या इंग्रज वैद्याने १८०८ साली आपल्या ग्रंथात वापरले. तोपर्यंत छातीच्या निरनिराळ्या दुखण्यांची सरमिसळ होत असे. श्वासनलिकांच्या आतील अस्तराचा दाह हे फुप्फुसाच्या किंवा त्याच्या आवरणाच्या दाहाहून वेगळे दुखणे आहे, आणि त्याचे तीव्र व जुनाट असे भेद आहेत, हे त्याने मांडले. पुढे आठच वर्षांनी, १८१६ साली, लेनेक या फ्रेंच वैद्याने छाती ऐकण्याची नळी शोधून काढली आणि मग छातीतील आवाजांवरून रोग ओळखण्याचे शास्त्र वाढीस लागले.

आता ही श्वासनलिका म्हणजे काय ते थोडे पाहू. कारण त्यावाचून पुढचे बोलणे हवेत राहील. गळ्यातून खाली उतरणारी श्वासनाल छातीत दुभंगते, तिच्या फांद्या पुन्हा दुभंगतात, आणि असे सुमारे तेवीस वेळा होऊन अखेर ती वाट वायुकोशांच्या अतिसूक्ष्म फुग्यांत संपते. रक्तास प्राणवायू मिळतो तो तेथे. वरच्या नळ्या केवळ वाटा होत. या वाटांच्या आतून ओलसर अस्तर असते. त्यात काही पेशी श्लेष्मा, म्हणजे चिकट कफ, पाझरतात, आणि काही पेशींवर डोळ्यांस न दिसणारी बारीक लव असते. ही लव सेकंदास दहा-पंधरा वेळा हालते आणि आपल्यावर पसरलेला श्लेष्म्याचा पातळ थर सतत वर, घशाकडे, ढकलीत राहते. भाताच्या गिरणीत दाणे वर चढविणारा पट्टा ज्यांनी पाहिला असेल त्यांस हे चटकन समजेल. श्वासाबरोबर आत गेलेली धूळ, काजळी, जंतू त्या चिकट थरास चिकटतात आणि पट्ट्यावरून वर येतात. आपण नकळत ते गिळून टाकतो. दिवसरात्र हे काम चालू असते आणि निरोगी माणसास त्याची वार्ताही नसते. पट्टा बिघडला की मग शरीर दुसरा उपाय योजते, तो खोकला. म्हणून खोकला हा शत्रू नव्हे. तो झाडूवाला आहे. आपण शोध घ्यावयाचा तो कचऱ्याचा.

मुलाच्या छातीत काय झाले? पडशाच्या विषाणूंपैकी कोणी एक नाकातून घशात आणि घशातून श्वासनलिकांत उतरला. इन्फ्लुएंझाचा विषाणूही त्यांतलाच. अस्तर सुजले, लव असलेल्या पेशी ठिकठिकाणी गळून पडल्या, श्लेष्मा वाढला. भिजल्याने खोकला होतो असे आपण म्हणतो. पण पावसात भिजणे हे विषाणूवाचून खोकला आणू शकत नाही. पावसामुळे माणसे दारे लावून एका खोलीत दाटीने बसतात आणि एकाचा विषाणू दुसऱ्यास सहज मिळतो, हे पावसाळी खोकल्याचे अधिक खरे कारण आहे. असो. विषाणूचा जोर थोड्याच दिवसांत ओसरतो. अस्तराची डागडुजी मात्र सावकाश चालते, आणि ती पुरी होईपर्यंत खोकला राहतो. किती दिवस? या प्रश्नाचे उत्तर सर्वांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात लोकांस विचारले असता असा खोकला सात ते नऊ दिवसांत जावा अशी बहुतेकांची अपेक्षा दिसली. निरनिराळ्या अभ्यासांतील रोग्यांचे दिवस मोजून सरासरी काढली तेव्हा ती जवळजवळ अठरा दिवस भरली. हे २०१३ साली प्रसिद्ध झाले. या आठ आणि अठरा दिवसांच्या मधल्या फटीतच सारा घोटाळा होतो. आठव्या दिवशी खोकला आहेच म्हणून माणूस दुसऱ्या डॉक्टरकडे जातो, बाराव्या दिवशी तिसऱ्याकडे, आणि अठराव्या दिवशी ज्याची गोळी चालू असेल त्याचा हातगुण वाखाणला जातो.

आणि तो पिवळा रंग! बेडका पिवळा किंवा हिरवट झाला की जंतू झाले, आणि जंतू झाले की अँटिबायोटिक हवे, असा हिशेब रोगीच मांडून येतो. तो रंग वस्तुतः आपल्याच रक्तातील पांढऱ्या पेशींचा असतो. लढून मेलेल्या त्या पेशींतील एका द्रव्याने कफास हिरवट-पिवळी झाक येते, मग लढाई विषाणूशी असो की जीवाणूशी. एरव्ही निरोगी असलेल्या माणसाच्या अशा खोकल्यात कफाच्या रंगावरून काहीही ठरविता येत नाही. अँटिबायोटिक औषधे जीवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाही. सबब तीव्र श्वासनलिकादाहात बहुधा त्यांचा उपयोग होत नाही. जुलाब, पुरळ, मळमळ एवढेच पदरी पडते. शिवाय शरीरातील इतर जीवाणूंस त्या औषधाची ओळख होऊन पुढे खरी गरज पडेल तेव्हा ते औषध बोथट ठरण्याचा धोका राहतो. मुलास पाहिजे ते हे: विश्रांती, पुरेसे पाणी, गरम पेज किंवा चहा, तापासाठी साधी गोळी, आणि रात्री ढास फार असेल तर चमचाभर मध. मात्र एक वर्षाच्या आतील बाळास मध कदापि चाटवू नये. त्यातून त्यास घातक विषबाधा होऊ शकते. लहान मुलांस बाटलीतले खोकल्याचे औषध दुकानातून आणून आपल्या मनाने पाजणे हेही सोडावे.

तथापि आपोआप बरा होतो म्हणजे डोळे मिटून बसावे असे नव्हे. ताप चार-पाच दिवसांनीही हटत नाही, किंवा उतरून पुन्हा चढतो, श्वास घेताना बरगडीत कळ येते, धाप लागते, बेडक्यात रक्त दिसते, वृद्ध माणूस असंबद्ध बोलू लागते: यांतले काहीही दिसले तर दुखणे नळ्यांपुरते राहिलेले नसून न्यूमोनिया किंवा दुसरे काही असण्याचा संभव आहे. लहान मुलांच्या बाबतीत आईने मूल शांत असताना त्याच्या पोटाकडे पाहून एक मिनिटभर श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे साठ, वर्षाच्या आतील बाळाचे पन्नास आणि पाच वर्षांच्या आतील मुलाचे चाळीस किंवा त्याहून अधिक श्वास भरले तर उजाडण्याची वाट न पाहता दवाखाना गाठावा. आणि खोकला दोन आठवड्यांवर गेला तर, वय काहीही असो, थुंकी क्षयासाठी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते. पुष्कळदा त्यात काही निघत नाही, पण निघाले तर एका माणसाबरोबर त्याचे सारे घर वाचते.

मुलाविषयी एवढे पुरे. आता त्या बाईकडे वळू; कारण खरे बोलणे तिच्याविषयीच आहे.

जुनाट श्वासनलिकादाह कोणास म्हणावे याची व्याख्या वैद्यकाने काळाच्या मापाने केली आहे. सलग दोन वर्षे, प्रत्येक वर्षी निदान तीन महिने, बहुतेक दिवस कफासह खोकला, आणि त्यास क्षयासारखे दुसरे कारण सापडू नये. ही व्याख्या १९५०-६० च्या सुमारास इंग्लंडात पक्की झाली, आणि तीही एका मोठ्या आपत्तीच्या छायेत. १९५२ च्या डिसेंबरात पाचव्या तारखेपासून नवव्या तारखेपर्यंत लंडन शहरावर कोळशाच्या धुराचे आणि धुक्याचे दाट पटल बसले. त्या आणि पुढच्या काही आठवड्यांत नेहमीच्या मानाने सुमारे चार हजार माणसे अधिक मेली असा हिशेब त्यावेळी झाला; मागाहूनच्या अभ्यासकांनी तो आकडा बारा हजारांपर्यंत नेला. मेलेल्यांत छातीच्या जुन्या दुखण्याची माणसे फार होती. ज्या खोकल्यास लोक ‘हिवाळ्याचा खोकला’ म्हणून हसण्यावारी नेत होते तो माणसे मारतो हे तेव्हा लंडनकरांस दिसले आणि १९५६ साली तेथे हवा स्वच्छ राखण्याचा कायदा झाला.

या दुखण्यात नळीच्या आत घडते ते मुलाच्या दुखण्याहून सर्वस्वी निराळे. येथे कोणी पाहुणा विषाणू येऊन गेलेला नसतो. धूर किंवा धूळ वर्षानुवर्षे रोज आत जाते, आणि अस्तर त्या माऱ्यास तोंड देण्यासाठी आपली रचनाच बदलते. लव झडते, तिच्या जागी श्लेष्मा पाझरणाऱ्या पेशी वाढतात. भिंतीतील श्लेष्म्याच्या ग्रंथी फुगून मोठ्या होतात. लिन रीड या विदुषीने १९६० साली या ग्रंथींची जाडी मोजण्याची रीत घालून दिली तेव्हा हा फरक मोजपट्टीवर दाखविता येऊ लागला. म्हणजे कफ अधिक आणि तो वर आणणारा पट्टा मोडलेला. मग रोज पहाटे उठून खोकून खोकून तो उपसावा लागतो. मुलाच्या खोकल्यास वादळ म्हटले तर आईचा खोकला म्हणजे जमिनीची धूप होय. वादळ दिसते, ऐकू येते, आणि जाते. धूप कोणास दिसत नाही, पण एक दिवस बांध खचलेला असतो.

ही बाई विडी ओढीत नाही. मग तिच्या छातीत धूर आला कोठून? याचे उत्तर ज्यांनी पहिल्यांदा शोधले त्यांत डॉ. एस. पद्मावती यांचे नाव आदराने घेतले पाहिजे. दिल्लीत हृदयरोगाचे काम करीत असता फुप्फुसाच्या जुन्या दुखण्याने हृदयाची उजवी बाजू थकलेले रोगी त्या पाहत होत्या. अशा रोग्यांत स्त्रियांचे प्रमाण जवळजवळ पुरुषांइतकेच भरत होते, आणि त्या स्त्रिया तंबाखू ओढणाऱ्या नव्हत्या. १९५९ पासून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखनात बोट दाखविले आहे ते घरातील चुलीच्या धुराकडे. पुढे २००९ साली पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी ‘लॅन्सेट’ या पत्रात हीच गोष्ट साऱ्या जगाच्या हिशेबाने मांडली: विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांच्या छातीच्या या विकारात सरपण, शेणी, काटक्या यांचा धूर हे फार मोठे कारण आहे.

घोटीच्या आसपास हे कारण कसे काम करते ते डोळ्यांसमोर आणावे. वैशाखात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. पालापाचोळा, गवत, शेण अंथरून पेटविलेल्या त्या वाफ्यांचा धूर शिवारभर लोळत असतो. मग पाऊस येतो आणि सरपण भिजते. ओले लाकूड जळत नाही, धुमसते, आणि कोरड्या लाकडापेक्षा कितीतरी अधिक धूर ओकते. बाहेर झड असल्याने दार लावलेले, खिडकी असलीच तर फळीने बंद. अशा खोलीत बाई चुलीशी वाकून फुंकणीने फुंकते, आणि फुंकण्यासाठी जो खोल श्वास घ्यावा लागतो तो त्या धुराचाच. पंधराव्या-सोळाव्या वर्षापासून साठीपर्यंत, रोज दोन-तीन तास. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने अनेक घरी गॅसची शेगडी पोहोचली, ही मोठीच गोष्ट झाली. पण सिलिंडर पुन्हा भरून आणावयास पैसे पडतात, आणि सरपण रानातून फुकट मिळते. म्हणून चहा गॅसवर आणि भाकरी व आंघोळीचे पाणी चुलीवर, असा तह पुष्कळ घरांतून झालेला असतो. छातीच्या दृष्टीने तो तह तोट्याचा आहे.

पुरुष सुटले असे मात्र नाही. घोटी हे भाताच्या गिरण्यांचे गाव. गिरणीत तूस आणि कोंडा यांची बारीक धूळ उडते. मुरमुऱ्यांच्या भट्टीपाशी धूर आणि धग दोन्ही. त्यात शेजारच्या सिन्नर तालुक्यात विड्या वळण्याचा धंदा जुना. विडी येथे सहज हाती येते. गिरणीची धूळ आणि विडीचा धूर एकाच छातीत गेले म्हणजे एकास दोन लागून अपाय वाढतो. या दुखण्याचा पसारा आपल्या देशात केवढा आहे हे पाहण्यासाठी बारा केंद्रांत सुमारे एक लाख सत्तर हजार माणसांची पाहणी झाली. २०१२ साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला तेव्हा पस्तीस वर्षांवरील माणसांत शंभरी साडेतीन माणसांस जुनाट श्वासनलिकादाह आढळला. म्हणजे शंभर प्रौढ माणसे जेवावयास बसली तर एका पंगतीत तिघे-चौघे.

खोकला आणि कफ एवढ्यावर थांबते तर हे दुखणे केवळ त्रासदायक म्हणावे लागते. पुष्कळांचे ते तेवढ्यावर थांबतेही. परंतु कित्येकांच्या बारीक नळ्या आतून जाडावून अरुंद होत जातात, वायुकोशांच्या भिंती विरतात, आणि आत घेतलेला श्वास पुरता बाहेर पडत नाही. मग त्यास सी. ओ. पी. डी. हे नाव मिळते. ही उतरण इतकी मंद असते की रोग्यास ती कळत नाही, कारण तो आपले आयुष्य तिच्या मापाने कापीत जातो. त्या बाईस डॉक्टरांनी विचारावे: "मावशी, नवरात्रात कळसूबाईला शेवटच्या कधी गेलात?" सोळाशे शेहेचाळीस मीटरांचा तो डोंगर या भागातील बायका देवीच्या ओढीने चढत आल्या आहेत. ती सांगेल, चार वर्षं झाली. का? "आता वय झालं." पण तिच्याच वयाच्या तिच्या जावा जाऊन आलेल्या असतात. प्रथम डोंगर सुटला, मग डोक्यावरचा हंडा सुटला, मग बाजाराचा चढ मध्येच थांबून चढावा लागला; प्रत्येक वेळी दोष वयास दिला गेला. वयाने श्वास उणावतो हे खरे. निरोगी प्रौढ माणसाचाही तो वर्षास पंचवीस-तीस मिलिलीटर उणावतो. या रोगात तो त्याहून वेगाने उणावत जातो, एवढेच. चार्ल्स फ्लेचर आणि रिचर्ड पीटो यांनी लंडनच्या कामगारांवर वर्षानुवर्षे पाळत ठेवून १९७७ साली जे दाखविले ते यासाठीच मोलाचे: धूम्रपान सोडल्यावर गेलेला श्वास परत येत नाही, परंतु उतरणीचा वेग निरोगी माणसाच्या वेगाशी जाऊन मिळतो. म्हणजे पन्नाशीत सोडले तरी फळ आहे.

दोन्ही खोकले निरनिराळे हे खरे, पण ते एकमेकांस भेटतात, आणि ती भेट वाईट. मुलाचा विषाणू आईस लागला तर? मुलाची छाती तो सोसते. आईच्या आधीच अरुंद झालेल्या नळ्यांत तीच सूज वाट बुजवून टाकते. कॅनडातील विनिपेगचे अँथनिसेन आणि त्यांचे सहकारी यांनी १९८७ साली अशा भडक्याच्या तीन खुणा सांगितल्या: धाप वाढणे, कफाचे प्रमाण वाढणे, आणि कफाचा रंग पूयुक्त होणे. या तिन्ही एकत्र आल्या तर अशा रोग्यास अँटिबायोटिकचा खरा उपयोग होतो. येथे गंमत पाहा. मुलाच्या पिवळ्या बेडक्यास काही अर्थ नव्हता. आईच्या पांढऱ्या बेडक्याचा रंग बदलून पिवळा झाला तर त्यास अर्थ आहे. तेव्हा औषध कोणते याआधी छाती कोणाची हे पाहावे लागते. ओठ, नखे निळसर दिसू लागली, बोलताना वाक्य पुरे होईना, झापड येऊ लागली, तर ही वेळ घरी काढा उकळण्याची नव्हे.

आमच्याकडे या सर्वांस सरसकट दमा म्हणण्याची चाल आहे. दमा निराळा. तो बहुधा लहानपणी किंवा तरुणपणी येतो, त्याचे झटके येतात, आणि दोन झटक्यांच्या मध्ये माणूस पुष्कळदा अगदी मोकळा असतो. जुनाट श्वासनलिकादाहात मोकळे दिवस कमी कमी होत जातात. कानाने हा भेद नेहमीच कळतो असे नाही. त्यासाठी स्पायरोमीटर या यंत्रात फुंकावे लागते. रोग्याने छाती भरून श्वास घ्यावयाचा आणि सारा जोर लावून नळीत सोडावयाचा. एकूण हवेपैकी पहिल्या सेकंदात किती बाहेर आली हे यंत्र सांगते. औषध हुंगवून पुन्हा मोजल्यावरही ते प्रमाण शंभरी सत्तरांच्या खाली राहिले तर वाट अरुंद झाली असे समजतात. रक्त नाही, सुई नाही, थोड्या वेळाचे काम. तरी ज्यांस त्याची गरज आहे त्यांतील फारच थोडी माणसे कधी त्या यंत्रापुढे बसतात. उपचारात आत ओढावयाचे औषध येते, ज्यास सर्वजण पंप म्हणतात. पंपाची सवय लागते, तो शेवटचा उपाय, असा प्रवाद गावोगाव आहे आणि तो निराधार आहे. गोळी सर्वांगात फिरून छातीत पोहोचते. पंपाचे औषध थोड्या मात्रेत थेट नळीत उतरते. इन्फ्लुएंझाची लस दरवर्षी, आणि न्यूमोकॉकस जंतूविरुद्धची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने, या बाईने टोचून घेतल्यास भडके कमी होतील.

पण धूर चालू ठेवून पंप ओढणे म्हणजे गळक्या छपराखाली फरशी पुसणे. सरपण पावसाआधी तोडून, चिरून, पडवीत रचून झाकून ठेवावे. चूल शक्य तर पडवीत आणावी, नाही तर तिच्यावर धुराडे बसवावे. आंघोळीचे पाणी तापविण्याची चूल तरी घराबाहेर न्यावी. गॅस चहासाठी न राखता भाकरीसाठी वापरावा, कारण चुलीपुढे सर्वांत अधिक वेळ भाकऱ्या भाजण्यातच जातो. गिरणीत काम करणाऱ्याने तोंडास पंचा गुंडाळला तर जाड तूस अडते, बारीक धूळ अडत नाही. त्यासाठी घट्ट बसणारा धुळीचा मास्कच हवा, आणि तो पुरविणे मालकाचे काम आहे.

त्या दवाखान्यातील मुलास डॉक्टरांनी सांगावे की, खोकला अजून दहा-बारा दिवस राहील. दिवसेंदिवस उणावत असेल तर पुन्हा येऊ नकोस. आईचा मात्र केसपेपर त्याच दिवशी काढावा, तिची थुंकी तपासावी, तिला श्वास मोजण्यासाठी पुन्हा बोलवावे. आणि येताना सुनेलाही घेऊन या म्हणून सांगावे. कारण गुडघे दुखू लागल्यापासून सासूबाई चुलीपुढे बसत नाहीत. गेली पाच वर्षे तेथे सून बसते, आणि धाकटे मूल तिच्या मांडीवर असते.